सागवानाचा पाठभेद

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका स्नेह्यांनी मला एक विक्रीपत्रक वाचायला पाठवले. दोन आसनांची, उघड्या टपाची एक जुनी स्पोर्ट्स कार संग्राहकांसाठी विक्रीला काढली आहे, त्याचे ते पत्रक. गाडी एम.जी. कंपनीची, टीडी या नमुन्याची, 1951 सालची. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1949 ते 1953 या काळात अशा सुमारे 30 हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. काही थोड्या आपल्याकडे आल्या. स्नेह्यांना माझ्याकडून एवढेच हवे होते की, पत्रकाचे मराठी नीट आहे का ते मी पाहावे. मराठी नीट होते. किंबहुना जरा जास्तच नीट होते. गाडी ‘मूळ स्वरूपात’ आणली आहे, इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतो, रंगाची छटासुद्धा त्या काळच्या रंगपत्रकावरून निवडली आहे, असा सगळा तपशील होता. त्याआधी इतिहासाचा एक परिच्छेद होता. त्यात म्हटले होते की, ही गाडी पूर्व विदर्भातल्या एका जमीनदार कुटुंबाकडे अनेक दशके दुर्लक्षित अवस्थेत होती.

त्या ‘दुर्लक्षित’ शब्दापाशी मी थांबलो. कारण ही गाडी मला ठाऊक आहे.

गोंदियात माझे बालपण गेले. भाताच्या गिरण्यांचा कोंडा, बिडीच्या गोदामांतला तेंदूपानांचा वास आणि छोट्या रेल्वेची शिटी, असे ते गाव. त्या गावात स्पोर्ट्स कार ही वस्तू मुळातच विसंगत होती. आमगावच्या बाजूच्या एका जुन्या मालगुजाराच्या वाड्यातली ती हिरवी गाडी महिन्या-दोन महिन्यांनी गावात यायची आणि बहुतेक वेळा ती यायची ती दुरुस्तीसाठीच. आम्ही मुले तिच्यामागे धावत मिस्त्रींच्या गॅरेजपर्यंत जायचो. मिस्त्रींचे शिक्षण चौथीपर्यंतचे. ट्रक आणि जीप हा त्यांचा खरा धंदा. पण त्या गाडीवर त्यांचा जीव होता. तिचा पेट्रोलचा पंप बिघडला तेव्हा विलायतेहून सुटा भाग मागवण्याची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी दुसऱ्याच गाडीचा पंप बसवला. पाट्याची एक पट्टी तुटली, ती त्यांनी ट्रकच्या जुन्या पाट्यातून कापून, तापवून, वाक देऊन घडवली.

त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम मात्र लाकडाचे होते. या जातीच्या गाडीचे अंग नुसत्या पत्र्याचे नसते. आत लाकडाचा सांगाडा असतो आणि त्यावर पत्रा ठोकलेला असतो. कारखान्यात हा सांगाडा ॲश नावाच्या विलायती लाकडाचा करीत. चिवट, लवचिक, वजनाला बरे, असे ते लाकूड. परंतु आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि आमच्याकडची वाळवी यांचा विचार ॲबिंग्डनमध्ये कुणी केला नसावा. सांगाडा कुजला, दारे लोंबू लागली. तेव्हा मिस्त्रींनी गावातल्या एका सुताराला बोलावले. हा सुतार शंकरपटाच्या छकड्या बनवणारा होता. शंकरपट म्हणजे आमच्या भागातली बैलजोड्यांची शर्यत. त्या शर्यतीची छकडी हलकी हवी आणि धक्का सोसणारीही हवी. या दोन गोष्टी एकाच लाकडातून कशा साधायच्या, हे त्या सुताराला माहीत होते. त्याने कुजलेल्या तुकड्यांवरून माप घेतले आणि सगळा सांगाडा सागवानाचा करून दिला. ते काम मी उकिडवे बसून पाहिले आहे. विलायती स्पोर्ट्स कारच्या पोटात नवेगाव-नागझिऱ्याच्या मुलखातला साग गेला आणि त्यानंतर ती गाडी निदान वीस वर्षे धावली.

मी स्नेह्यांना फोन करून विचारले, त्या सागवानी सांगाड्याचे काय झाले? त्यांनी विक्रेत्याकडे चौकशी केली. उत्तर आले की, तो काढून टाकला, बाहेरून मागवलेल्या ॲशचा नवा सांगाडा बसवला, जुने लाकूड भंगारात गेले. गाडी ‘मूळ स्वरूपात’ आणायची तर दुसरे काय करणार?

या पानावर मोटारींची चर्चा कशासाठी, असे वाचकांना वाटू शकेल. मला हा प्रश्न मोटारीचा वाटतच नाही; तो पाठाचा प्रश्न आहे. जुन्या गाडीचे विक्रीपत्रक हा गद्याचा एक प्रकार आहे आणि त्याची कथनरचना ठरलेली असते. त्यात तीन पात्रे असतात: गाडी घडवणारा कारखाना, ती पहिल्यांदा विकत घेणारा धनी आणि तिला पुन्हा झळाळी देणारा कारागीर. आरंभ आणि शेवट ठळक. मधली पन्नास-साठ वर्षे एका शब्दात आटोपतात. ती गाडी ज्यांच्या हातांनी जगली, ती माणसे त्या कथनात नसतात. ‘दुर्लक्षित’ हे विशेषण गाडीला लावलेले दिसते, पण वगळली जातात माणसे.

या प्रकाराचे राजेशाही उदाहरण आपल्या मराठी संस्थानिकांतच सापडते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1935 साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही गाडी घेतली. तिचे दोन आसनांचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी घडवले. सुपरचार्जर बसवलेल्या त्या इंजिनाची ताकद कंपनी 320 अश्वशक्ती सांगत असे. रंग केशरी आणि काळा. आधुनिक युरोपीय कलेचे हे महाराज मोठे रसिक. त्यांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने उभारला. पुढे 1971 साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि देशभर वाड्यांतल्या वस्तू बाजारात येऊ लागल्या. माणिकबागेतले फर्निचर 1980 साली मोनॅकोमध्ये लिलावात निघाले. ती ड्यूसेनबर्गही देशाबाहेर गेली. जगातल्या प्रसिद्ध मोटारींत आज तिची गणना होते. मी वाचलेल्या तिच्या वर्णनांत कारखाना आहे, गर्नी नटिंग आहेत, महाराज आहेत. इंदूरच्या मोटारखान्यात तिची निगा राखणारा एकही माणूस मला त्यांत नावाने भेटलेला नाही.

होळकरांचे नाव निघालेच आहे, तर एक शब्द आठवतो: जीर्णोद्धार. अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वरापासून सोमनाथापर्यंत जे केले त्याला आपण हा शब्द वापरतो. काशीचे त्यांनी अठराव्या शतकात उभारलेले मंदिर हे आधीच्या मंदिराची हुबेहूब प्रतिकृती नव्हते. सोमनाथाचे तर मूळ जागेपासून थोडे बाजूला बांधलेले आहे. तरीही तो जीर्णोद्धारच. कारण या शब्दाला पहिल्या आकाराची चिंता नाही, खंड पडलेला व्यवहार पुन्हा सुरू होण्याची चिंता आहे. या अर्थाने पाहिले तर त्या एम.जी.चा जीर्णोद्धार आमच्या मिस्त्रींनी आणि छकडीच्या सुताराने कधीच केला होता. आता झाले आहे ते दुसरेच काहीतरी. त्याला ‘पुनःस्थापना’ म्हणावे. हा शब्द अचूक आहे आणि थोडा थंडही आहे.

‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयातही गेलेला आहे. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाच्या बेंटली गाडीने 1929 आणि 1930 अशी दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकली. शर्यतीची गाडी असल्याने तिचे भाग सतत बदलत गेले. पुढे तिच्यात मोठे इंजिन बसवले गेले. 1932 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिच्यावर क्लाइव्ह डन्फी या चालकाचा मृत्यू झाला. त्यानंतर तिला पुन्हा नवे अंग मिळाले. 1990 साली तिचा 1 कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्या कंपनीने ऐनवेळी हरकत घेतली: 1929 सालच्या गाडीतले जवळजवळ काहीच शिल्लक नाही, मग हीच ती गाडी कशावरून? लंडनच्या न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, गाडी एका क्षणी नाहीशी होऊन दुसऱ्या क्षणी नव्याने तयार झालेली नाही; ती अखंडपणे बदलत आली आहे, आणि हे सातत्य हीच तिची अस्सलता. पहिल्या दिवसाचे लोखंड किती उरले, याला त्या निकालात निर्णायक महत्त्व मिळाले नाही.

आपल्याकडचा नियम मात्र वेगळ्या दिशेने झुकतो. केंद्र सरकारने 2021 साली जुन्या वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते, त्याला ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांकपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20 हजार रुपये आणि मुदत 10 वर्षे. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चासी, अंग वा इंजिन यांत भरीव फेरबदल झालेला नसावा. तरतूद स्वागतार्हच आहे. तिच्यामुळे अनेक गाड्या भंगारातून वाचतील. पण अक्षरशः वाचले तर मिस्त्रींचे सागवान हाही फेरबदल आणि काल-परवा बसवलेले ॲश हाही फेरबदलच. प्रत्यक्षात आपल्या नजरेला पहिला तेवढा फेरबदल वाटतो आणि दुसरा ‘मूळ’ वाटतो. हे नजरेचे वळण नियमाने लावलेले नाही. ते आपल्यात आधीपासूनच आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावे, कारण हा पेच आपल्या घरचा आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सांगितली गेली. सुमारे तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत अपपाठ शिरले आणि शके 1506 मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली. पुढे कुणी आपली ओवी तीत घालू नये, अशी ताकीदही त्यांनी दिली. मराठीतली ही पहिली मोठी पुनःस्थापना. पण नाथांनी जे बाजूला सारले ते काय होते? 1909 साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक पोथी छापली आणि ती नाथपूर्व असल्याचे प्रतिपादले. तेव्हापासून ‘मूळ ज्ञानेश्वरी कोणती’ या प्रश्नावर अभ्यासक वाद घालीत आले आहेत. नाथांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की, शुद्ध प्रत हाती आली आणि अशुद्ध प्रतींचा हिशेब हाती आला नाही.

तो हिशेब ठेवण्याची रीत पुढे पुण्यात सिद्ध झाली. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 साली पुरे झाले. वि. स. सुखटणकरांनी 1933 साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत स्पष्ट केले की, हा व्यासांच्या लेखणीतून उतरलेला पाठ आहे असा आपला दावा नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जेवढे मागे जाता येते तेवढे आपण गेलो आहोत. त्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडून पाहा. वर निश्चित केलेला पाठ आणि खाली बारीक अक्षरांत पाठभेदांची दाटी. काश्मिरातल्या लेखकाने काय लिहिले, मलबारातल्याने काय लिहिले, सगळे तिथे आहे. संपादकाने निवड केली, पण नाकारलेले फेकले नाही. उद्या कुणाला ती निवड चुकीची वाटली तर दुसरी करण्याचे साहित्य त्याच पानावर मिळते.

माझे म्हणणे एवढेच आहे. गाडी ॲशची करा, हरकत नाही. पण सागवान तळटीपेत ठेवा.

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. वाळवी लागलेल्या, गंजलेल्या गाडीला पैसा लावून कुणी उभे केले नसते तर ती आज कुठे असती? मालगुजाराच्या वारसांना ती ठेवणे परवडत नव्हते, मिस्त्री थकले होते, गोठ्यात पत्रा झडत होता. पुनःस्थापना करणाऱ्याचे कसबही काही कमी नसते. एकेक खिळा योग्य आकाराचा मिळवण्यासाठी तो महिनोन् महिने घालवतो. शिवाय 1950 पूर्वीच्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर निर्यात धोरणात निर्बंध असले तरी ही गाडी त्या मर्यादेच्या एका वर्षाने अलीकडची; देशात धनी मिळाला नाही तर ती इथून कायमची जाऊही शकते. हे सर्व मला मान्य आहे. गंज पवित्र नसतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा आहे. जग आता पुनःस्थापनेकडून जतनाकडे वळले आहे, असे म्हणतात. 2009 साली पॅरिसमध्ये, इंग्लंडातल्या एका गॅरेजमध्ये पडून राहिलेली बुगाटी टाइप 57एस जशीच्या तशी विकली गेली आणि तिला 34 लाख युरोंहून अधिक किंमत आली. 2015 साली फ्रान्समधल्या बैयों संग्रहातली धुळीने माखलेली फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर 1 कोटी 60 लाख युरोंच्या वर गेली. म्हणजे धुळीलाही आता भाव आहे. पण यात मला समाधान वाटत नाही. त्या फेरारीची धूळ मोलाची ठरली, कारण ती एकेकाळी ॲलन देलाँ या नटाच्या वापरात होती. बाजार धूळ विकतो तेव्हाही तो धन्याचे नावच विकत असतो. मिस्त्रींच्या हाताचा डाग तिथेही विकला जात नाही. चकाकी काय आणि धूळ काय, दोन्हींच्या विक्रीपत्रकात मधली माणसे गैरहजरच.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती सांगायला नको होती, पण वरचे सगळे लिहून झाल्यावर ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तरुणपणी, नुकताच शिकवू लागलो होतो तेव्हा, आमच्या भागातल्या एका दंडारीची वही माझ्या हाती आली. दंडार हा झाडीपट्टीतला लोकनाट्याचा प्रकार. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्ररात्र चालतो. वही तीन पिढ्यांनी हाताळलेली होती. कुणी शाईने, कुणी शिसपेन्सिलीने, समासात भर घालीत गेलेला. भाषा झाडी. तीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाण्याचे ‘पानी’, डोळ्याचा ‘डोरा’. मला ती छापायची होती. मी बसून ती ‘शुद्ध’ केली. समासातली भर ‘प्रक्षिप्त’ म्हणून वगळली, वृत्त जिथे अडखळत होते तिथे सावरले, ‘डोरा’ जिथे जिथे होता तिथे ‘डोळा’ केला. छपाईनंतर वही परत देण्याचे राहून गेले. एका पावसाळ्यात माझ्या माळ्यावर ती वाळवीने खाल्ली. पुस्तिकेला पारितोषिक मिळाले नाही, पण कौतुक पुष्कळ झाले. ज्यांची ती वही होती त्या घरच्या एका वृद्ध गृहस्थांना मी प्रत नेऊन दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून बराच वेळ वाचली आणि म्हणाले, “गुरुजी, चांगली झाली. पन हे आमची नाही वाटत.”

मी तेव्हा हसलो होतो.

त्या गाडीचे सागवान ज्याने भंगारात टाकले, त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे यावरून वाचकांनी ठरवावे. त्याने सांगाडा बदलला, मी बोली बदलली. दोघांचाही हेतू चांगला होता. दोघांच्याही मनात ‘मूळ’ नावाची एक स्वच्छ वस्तू होती आणि ती कुठेतरी दूर होती. त्याची ॲबिंग्डनला, माझी पुण्याला. आपल्या विद्यापीठांतून आज लोकसाहित्याचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना मला हेच सांगावेसे वाटते की, निवड जरूर करा, नाहीतर संपादनच होणार नाही; पण जे वगळाल ते कुठे ठेवले आहे, हे त्याच पानावर लिहा. मूळ वहीचे छायाचित्र आता हातातल्या फोनवर निघते. आमच्या वेळी ते निघत नव्हते, ही सबब मला पुरत नाही. समासातली भर मला हाताने उतरवून घेता आली असती.

स्नेह्यांच्या पत्रकात मी एकच दुरुस्ती सुचवली: ‘दुर्लक्षित’ शब्द काढावा. सोबत दोन पाने लिहून दिली. पंप कोणता बसवला होता, पाट्याची पट्टी कशाची होती, सांगाडा कोणी आणि कोणत्या लाकडाचा केला, सुताराने माप कसे घेतले, जेवढे आठवले तेवढे सगळे. मिस्त्रींचे आणि सुताराचे नाव, गाव घातले. गाडीच्या कागदपत्रांत ही पाने ठेवावीत आणि घेणाऱ्याच्या हाती द्यावीत, अशी विनंती केली.

विक्रेत्याकडून अजून उत्तर नाही. गाडीही अजून विकली गेलेली नाही.